हायब्रीडचा माणूस

(बी. ए. भाग ३)

गेल्या स्नेहसंमेलनातील वादविवाद स्पर्धेत विषय होता, विज्ञान : शाप की वरदान. मी वरदानाच्या बाजूने बोललो. वाफेचे इंजिन, विजेचा दिवा, देवीची लस, चंद्रावरचे पाऊल असे सगळे काही चार मिनिटांत सांगून टाकले. टाळ्याही बऱ्या पडल्या. कार्यक्रम संपल्यावर आमच्या एका सरांनी मात्र जवळ बोलावून एवढेच विचारले की, या सगळ्यात आपल्या यवतमाळचे काय होते? मला उत्तर देता आले नाही. लंडन-अमेरिकेची उदाहरणे तोंडपाठ, आणि ज्या जिल्ह्यात जन्मलो त्या जिल्ह्याचे एकही नाही! त्या रात्री झोप लागेना तेव्हा आठवले की, माझ्याजवळ एक उदाहरण होते. ते सभेत सांगण्यासारखे नाही असे मला वाटत आले होते, इतकेच.

ते असे. सन २०१७ च्या पावसाळ्याच्या अखेरीस आमचे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, पऱ्हाटीवर फवारणी करून घरी आले आणि अंगणातच बसले. डोळ्यांपुढे धुके आले आहे असे सांगू लागले. मग उलट्या सुरू झाल्या. रात्री त्यांना यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात आणले. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. दुसऱ्या दिवशी आजीला घेऊन आम्ही भेटीला गेलो. आजीला वाचता येत नाही. फाटकावरच्या पाटीवर काय लिहिले आहे ते तिने विचारले आणि मी वाचून दाखवले, श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. आजी क्षणभर थांबली. मग स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली की, हा तर आपला हायब्रीडचा माणूस.

मोठेबाबा वाचले. आजीचे ते बोलणे मात्र माझ्या मनात तसेच राहिले होते. सरांच्या प्रश्नानंतर मी ग्रंथालयात जाऊन या हायब्रीडच्या माणसाचे चरित्र शोधू लागलो. जे हाती लागले ते माझ्या मगदुराप्रमाणे येथे मांडतो.

वसंतराव फुलसिंग नाईक यांचा जन्म १ जुलै १९१३ रोजी पुसद तालुक्यातील गहुली या लहानशा तांड्यावर एका बंजारा कुटुंबात झाला. बंजाऱ्यांचा इतिहास आपण शाळेत फारसा शिकत नाही, पण आपल्या विषयाशी त्याचा अगदी निकटचा संबंध आहे. शेकडो वर्षे हा समाज बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर वाहून नेत असे. या व्यवसायाला लदेणी म्हणत. मोठमोठ्या फौजांना रसद पुरवणारे हेच लोक. एकोणिसाव्या शतकात आगगाडी आली, पक्क्या सडका झाल्या आणि जे ओझे नेण्यास हजार बैलांचा तांडा महिनोगणती चालत असे ते एका मालगाडीत दोन दिवसांत जाऊ लागले. देशाच्या दृष्टीने ती प्रगतीच होती. आपल्या वऱ्हाडातील कापूस मुंबई बंदरावर आणि तेथून विलायतेच्या गिरण्यांत पोहोचला तो याच रुळांवरून. आपल्या यवतमाळची शकुंतला रेल्वे याच कापसासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी धावू लागली. परंतु त्या रुळांखाली लदेणीचा धंदा कायमचा गाडला गेला. पोट भरण्याचे साधन गेले, आणि वर इंग्रज सरकारने १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा करून अशा अनेक भटक्या जमातींच्या कपाळी गुन्हेगारीचा शिक्का मारला.

म्हणजे नव्या यंत्राची पहिली झळ ज्यांना बसली अशा समाजात हा मुलगा जन्मला. काही बंजारा कुटुंबे भटकंती सोडून जमिनीला चिकटली. वसंतरावांचे आजोबा चतुरसिंग हे त्यांपैकीच एक. त्यांनी गहुली वसवली आणि शेती धरली. बैलाच्या पाठीवरचे ओझे उतरवून त्याच्या मानेवर जू ठेवणे ही गोष्ट सोपी नव्हती. नव्या युगाला शिव्या देत बसण्यापेक्षा त्यात आपली जागा शोधणे हे त्या घराने दोन पिढ्या आधीच पत्करले होते, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

तांड्यावर शाळा नव्हती. आसपासच्या गावांतून पायपीट करीत प्राथमिक शिक्षण झाले, पुढे अमरावती आणि नागपूर. नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून ते बी. ए. झाले आणि १९४० साली कायद्याची पदवी मिळवली. आपल्याप्रमाणेच तेही प्रथम कला शाखेचेच विद्यार्थी, हे येथे आवर्जून नमूद करावेसे वाटते. अमरावतीस डॉ. पंजाबराव देशमुख यांच्याबरोबर काही काळ वकिली केल्यावर त्यांनी पुसदला बिऱ्हाड थाटले. १९४१ मध्ये नागपूरच्या वत्सलाबाई घाटे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. तांड्यावरचा बंजारा तरुण आणि नागपूरची ब्राह्मण कन्या, हा विवाह त्या काळात किती धाडसाचा होता हे सांगण्याची गरज नाही. पुसदच्या कोर्टात त्यांच्यापुढे येत ते बहुतेक शेतकरी आणि तांड्यांवरची माणसे. सावकाराचा कागद, जमिनीचा वाद, न कळलेला अंगठा. ज्याला कागद वाचता येत नाही त्याची कशी फसगत होते, हे पुसदच्या कोर्टात रोज दिसत असणार.

पुसदचे नगराध्यक्षपद हा त्यांच्या सार्वजनिक जीवनाचा आरंभ. १९५२ मध्ये ते जुन्या मध्यप्रदेशच्या विधानसभेवर निवडून गेले आणि उपमंत्री झाले. १९५६ साली विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला तेव्हा प्रथम सहकार आणि नंतर कृषी ही खाती त्यांच्याकडे आली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर ते महसूलमंत्री झाले. याच सुमारास लोकशाही विकेंद्रीकरणाचा विचार करण्यासाठी त्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या शिफारशींवरून १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या कामाला लागल्या. पुढे जे सांगावयाचे आहे ते समजण्यासाठी ही गोष्ट लक्षात ठेवणे अवश्य आहे. शेतीतील नवे ज्ञान गावापर्यंत नेण्यासाठी तालुक्याला शेती अधिकारी आणि गावाला ग्रामसेवक अशी माणसांची एक साखळी या व्यवस्थेत तयार झाली.

नोव्हेंबर १९६३ मध्ये मुख्यमंत्री मा. सा. कन्नमवार यांचे निधन झाले आणि ५ डिसेंबर १९६३ रोजी वसंतरावांनी त्या पदाची शपथ घेतली. फेब्रुवारी १९७५ पर्यंत, म्हणजे सलग अकरा वर्षांहून अधिक काळ, ते मुख्यमंत्री होते. इतका दीर्घ काळ ते पद आजवर दुसऱ्या कोणाला लाभलेले नाही. सुटाबुटातील, तोंडात पाईप धरणारा हा मुख्यमंत्री शेतात उतरला की मात्र पिकाची पाने उलटून पाहणारा अस्सल शेतकरी असे.

ते पदावर आले तो काळ टंचाईचा होता. आजी सांगते, ती परकर नेसून शाळेच्या वयाची असताना रेशनवर अमेरिकेची लाल मिलो मिळत असे. भाकरी थापताना तिचे तुकडे पडत, आणि ते तुकडेसुद्धा मोजून वाढले जात. १९६५ आणि १९६६ ही लागोपाठची दुष्काळी वर्षे. अमेरिकन धान्याची जहाजे बंदराला लागली तरच देशातील अनेकांच्या घरी चूल पेटेल अशी अवस्था होती. या काळात पुण्याच्या शनिवारवाड्यासमोरील सभेत वसंतरावांनी एक विलक्षण प्रतिज्ञा केल्याची हकिकत सांगितली जाते. दोन वर्षांत महाराष्ट्र अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर मला येथेच फाशी द्या, अशा आशयाची ती होती. स्वयंपूर्णता काही तंतोतंत दोन वर्षांत पदरी पडली नाही. परंतु राज्याचा प्रमुख धान्याच्या प्रश्नाला स्वतःच्या गळ्याशी जोडतो, ही गोष्ट लोकांच्या मनावर कोरली गेली.

या प्रतिज्ञेमागे जो भरवसा होता तो संकरित ज्वारीचा. सी. एस. एच.-१ हे देशातील पहिले संकरित ज्वारीचे वाण १९६४ साली प्रसारित झाले. दोन निरनिराळ्या वाणांचा संकर केला की पहिल्या पिढीत जोम येतो, झाड ठेंगणे राहते, कणीस भरदार होते आणि पीक लवकर हाती येते. रासायनिक खत घातले की गावठी ज्वारी उंच वाढून लोळते, संकरित मात्र ते खत दाण्यात उतरवते. वसंतरावांनी या बियाण्याचा ध्यास घेतला. सभा कोणतीही असो, गाडी शेवटी हायब्रीडवर येई. नुसती भाषणे करून ते थांबले नाहीत. १९६८ मध्ये राहुरीचे, १९६९ मध्ये अकोल्याचे आणि १९७२ मध्ये परभणी व दापोलीचे, अशी चार कृषी विद्यापीठे त्यांच्या कारकिर्दीत उभी राहिली. अकोल्याच्या विद्यापीठाला तर त्यांचे जुने सहकारी पंजाबराव यांचेच नाव आहे. विद्यापीठात वाण तयार व्हावे, पंचायत समितीने त्याचे प्रात्यक्षिक दाखवावे आणि ग्रामसेवकाने बांधावर येऊन बी किती, खत कधी हे सांगावे, अशी ही योजना होती.

आमच्या पणजोबांनी हायब्रीड लावले ते असेच. आजी सांगते की, गावातील म्हाताऱ्यांनी त्यांची थट्टा केली. एवढेसे खुजे झाड, याला कणीस काय लागणार? पण त्या वर्षी खळ्यावर जी रास पडली तशी पूर्वी कोणी पाहिली नव्हती. मिलोचे तुकडे मोजणाऱ्या घरात कणगी भरली. तंत्राचा फायदा म्हणजे काय, हे आजीला विचारावे. तिच्या लेखी तो आकड्यांत मावत नाही, रात्री सगळी पोरे पोटभर जेवून झोपली यात मावतो.

परंतु याच आजीने मला हायब्रीडची दुसरी बाजूही सांगितली. भाकरीला चव नव्हती. पीक लवकर येई, ऐन पावसात सापडे आणि दाणा काळा पडे. ठेंगण्या धाटाचा कडबा अपुरा, म्हणून बैल उपाशी. खोडमाशी वाढली, औषध मारणे आले. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे घरचे बी संपले. संकरित वाणाचा जोम पहिल्या पिढीपुरताच असतो. त्याचे दाणे पुढील वर्षी पेरले तर पीक एकसारखे येत नाही. पूर्वी पणजी उत्तम कणसे निवडून आढ्याला टांगून ठेवी, तेच पुढील वर्षीचे बियाणे. हायब्रीड आले आणि आढे रिकामे झाले. दरवर्षी दुकानाची पायरी चढणे आले. हा बदल कोणी जुलमाने लादला नाही, भरलेल्या कणगीच्या बदल्यात आम्हीच तो स्वीकारला. व्यवहार वाईट नव्हता. फक्त त्याची दुसरी अट त्या वेळी कोणी मोठ्याने वाचून दाखवली नाही.

तंत्राची भीषण बाजू वसंतरावांना स्वतःच्या कारकिर्दीतही पाहावी लागली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला मोठा भूकंप झाला. कोयनानगर उद्ध्वस्त झाले, सुमारे १८० माणसे दगावली. ज्या धरणाच्या विजेवर महाराष्ट्राचे कारखाने चालावयाचे त्याच्याच जलाशयाचा या भूकंपाशी संबंध असावा, असे पुढे शास्त्रज्ञांनी मानले आणि जगभर त्याचा अभ्यास झाला. धरण टिकले, त्याची मजबुतीही करण्यात आली. निसर्गाला हात लावला की तोही हात लावतो, हा धडा मात्र महागात शिकावा लागला.

यंत्र कोठे आणावे याइतकेच ते कोठे आणू नये हेही राज्यकर्त्याला कळावे लागते. १९७२ च्या भीषण दुष्काळात हे दिसून आले. त्या वेळी लाखो माणसे सरकारी कामांवर होती. खडी फोडणे, नाले बांधणे, पाझर तलाव खोदणे, रस्ते तयार करणे ही कामे यंत्रांनी झटपट झाली असती. पण येथे काम लवकर होण्यापेक्षा हातांना मजुरी मिळणे महत्त्वाचे होते. म्हणून कुदळ आणि घमेले हीच त्या दुष्काळाची अवजारे ठरली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेली रोजगार हमी योजना याच काळात रुजली आणि पुढे तिचा कायदा झाला. पाझर तलावांतून मुरलेले पाणी विहिरींना लागले ते वेगळेच.

१९७२ मध्येच कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. शेतकऱ्याने पिकवावे आणि भाव मात्र दलालाने ठरवावा, हे बदलण्याचा तो प्रयत्न होता. पुढे त्या योजनेत अनेक दोष शिरले आणि ती टिकली नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. वसंतरावांवर आणखी एक आक्षेप घेतला जातो. विदर्भाचा माणूस अकरा वर्षे मुख्यमंत्री असताना विदर्भाचे सिंचन मागे पडले, हा तो आक्षेप. १९८४ मध्ये दांडेकर समितीने अनुशेषाचा जो हिशेब मांडला त्यात ही तफावत स्पष्ट दिसते. आपल्या जिल्ह्यातील बहुतांश कपाशी आजही आभाळाकडे पाहूनच उभी आहे. संकरित बियाणे आणि खत यांना वेळेवर पाणी लागते. ते नसेल तर तेच तंत्र उत्पन्नाऐवजी कर्ज वाढवते. हा भाग त्यांच्या हातून अपुरा राहिला.

१९७५ मध्ये ते पदावरून पायउतार झाले. १९७७ मध्ये वाशीमहून लोकसभेवर निवडून गेले. १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूर येथे त्यांचे निधन झाले. गहुलीच्या तांड्यावर सुरू झालेला प्रवास समुद्रापलीकडे संपला. त्यांचा जन्मदिवस, १ जुलै, महाराष्ट्रात कृषी दिन म्हणून साजरा होतो.

चरित्र येथे संपते, पण आजीच्या बोलण्याचा उलगडा होत नाही. त्यासाठी पुन्हा २०१७ कडे यावे लागेल. आपल्या देशात बी. टी. कपाशीला २००२ साली परवानगी मिळाली. जिवाणूचे जनुक घातलेले हे झाड बोंडअळीला स्वतःच मारी. सुरुवातीची काही वर्षे फवारे खरोखर कमी झाले. हळूहळू गुलाबी बोंडअळी त्या विषाला सरावली, रस शोषणाऱ्या किडी वाढल्या आणि फवारे परत आले. २०१७ च्या हंगामात कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती. दमट उन्हात, तोंडाला फडके बांधून किंवा तेही न बांधता, दोन-तीन औषधे एकत्र करून फवारणी चालली होती. वर मारलेला फवारा अंगावरच पडे. त्या काही महिन्यांत आपल्या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मृत्युमुखी पडले आणि शेकडोंना रुग्णालयात दाखल करावे लागले. राज्य शासनाला विशेष चौकशी पथक नेमावे लागले. त्यांतील कितीतरी जणांवर उपचार झाले ते ज्या इमारतीत, तिला वसंतरावांचे नाव होते.

मला प्रश्न पडला की, हा दोष त्यांचा म्हणावा काय? बरेच दिवस विचार करून मी या मताला आलो आहे की, तसे म्हणणे अन्यायाचे होईल. हायब्रीड गावात आले तेव्हा त्याच्याबरोबर एक माणूस आला होता. तो चुकत असेल, पण बांधावर उभा राहून सांगत होता, आणि पीक बुडाले तर त्याला जाब विचारता येत होता. २०१७ मध्ये मोठेबाबांच्या हाती जी बाटली आली तिच्याबरोबर कोणी आले नाही. सल्ला दिला तो विकणाऱ्याने. बाटलीत घडी घालून ठेवलेल्या कागदावरची सूचना मुंगीएवढ्या अक्षरात होती. तंत्र चाळीस-पन्नास वर्षांत कितीतरी पुढे गेले, आणि ते समजावून सांगणारा माणूस वाटेतच कोठेतरी मागे राहिला. तंत्र आणि माणूस यांच्यात जितके अंतर पडते तितका धोका वाढतो, असे मला वाटते. वादविवादात मी हे म्हणू शकलो असतो, पण तेथे शाप किंवा वरदान यांपैकी एकच बाजू घ्यावी लागते.

आम्ही कला शाखेचे विद्यार्थी, विज्ञानाशी आम्हाला काय करावयाचे, असे आपल्यापैकी अनेक जण म्हणतात. मीही म्हणत असे. पण वाचणे आणि समजावून सांगणे हे तर आपलेच काम आहे. मोठेबाबांच्या डाव्या डोळ्याला आता बारीक अक्षर दिसत नाही. फवारणीच्या दिवसांत मी सुटी काढून गावी जातो. बाटलीवरचा त्रिकोण लाल आहे, पिवळा आहे, निळा आहे की हिरवा, हे आधी पाहतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल विष. मग तो घडीचा कागद उलगडून अथपासून इतिपर्यंत मोठ्याने वाचतो. मोठेबाबा ऐकतात, शेजारचे दोघे-तिघे येऊन बसतात. गेल्या हंगामात एका औषधाचा लाल त्रिकोण पाहून त्यांनी ती बाटली दुकानात परत नेऊन दिली. आजी ओसरीवरून हे सारे पाहत असते. मागे एकदा ती हसून म्हणाली की, गावात पुन्हा ग्रामसेवक आला म्हणायचा.